गुणाची साक्ष

औषध लागू पडले म्हणजे आपल्या भाषेत 'गुण आला' असे म्हणतात. या दोन शब्दांनी मला पुष्कळ दिवस विचारात पाडले आहे. ताप उतरला, कळ थांबली, ही घडलेली गोष्ट. 'गुण आला' हा तिच्यावर दिलेला निकाल. घडलेली गोष्ट डोळ्यांना दिसते. निकाल दिसत नाही, तो आपण देतो. आणि देताना गुण नेमका कोणाचा, काढ्याचा की वैद्याच्या हाताचा, देवाच्या अंगाऱ्याचा की मध्ये गेलेल्या चार दिवसांचा, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. बऱ्या झालेल्या माणसाला चौकशीची गरज वाटत नाही. तो कृतज्ञ असतो. कृतज्ञता हा माणसाचा फार मोठा गुण आहे हे खरे, तथापि साक्षीदार म्हणून ती तितकीशी भरवशाची नाही.

हा प्रश्न निव्वळ वैद्यकाचा असता, तर मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्या शाळामास्तराने त्यात पडण्याचे कारण नव्हते. परंतु मला तो नीतीचा प्रश्न वाटतो. ज्याचा परिणाम दुसऱ्याच्या देहाला भोगायचा आहे, अशी गोष्ट त्याला छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार आपल्याला केव्हा पोचतो? लबाड माणसापुरता हा प्रश्न सोपा आहे. तो अवघड होतो प्रामाणिक माणसापाशी.

आमच्या कुंभार पिंपळगावच्या पंचक्रोशीत असे एक प्रामाणिक गृहस्थ आहेत. त्यांचे नाव सांगत नाही; सारे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. ते पित्ताच्या खड्यावर झाडपाल्याचे औषध देतात. वडिलांपासून आलेली विद्या आहे. पैसा घेत नाहीत, नारळसुद्धा घेत नाहीत. पहाटे उठून स्वतः पाला आणतात, वाटतात, आणि आलेल्याला चहा पाजून औषध देतात. त्यांच्यापाशी एक जाड वही आहे. ज्याला गुण आला तो येऊन तीत दोन ओळी लिहितो, ज्याला लिहिता येत नाही तो अंगठा उठवतो. वही भरत आली तेव्हा आबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पुस्तकं लिहिता. तुमच्या शब्दाला वजन आहे. हिच्या पहिल्या पानावर दोन शब्द लिहून द्या."

मी वही ठेवून घेतली आणि दोन रात्री वाचली. तीत खोटे एकही अक्षर नव्हते. आणि तरीही पहिल्या पानावर लिहायला माझा हात उचलेना. तो का उचलेना, हेच मला येथे मांडायचे आहे.

मूळ अडचण आहे ती या दुखण्याच्या स्वभावात. त्यातून 'पित्त' हा आपला शब्द मोठा पसरट. अंगावर गांधी उठल्या तर ते पित्त. त्यावर आपण आमसुलाचे पाणी चोळतो. उपाशीपोटी कपाळ दुखले, आंबट ढेकर आले, तर तेही पित्त. रागावलो तर पित्त खवळते. आणि यकृतात पाझरणारा जो हिरवट-पिवळा कडू रस, तोही पित्तच. एका शब्दाच्या घरात इतकी दुखणी एकत्र नांदू लागली, म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला देताना कोणाच्याच मनाला खटकत नाही.

पित्ताशय ही यकृताच्या खालच्या अंगाला असलेली बोटभर लांबीची पिशवी. यकृतातून येणारे पित्त ती साठवते, आटवून दाट करते, आणि तुपातेलाचे अन्न आतड्यात उतरले की आकसून ते बाहेर सोडते. त्या रसात कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ प्रमाणाबाहेर झाले म्हणजे त्यांचे कण बसतात आणि कणांचे खडे होतात. गंमत अशी की बहुतेक माणसांच्या पोटातले हे खडे जन्मभर मुके राहतात. काही मात्र बोलतात. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की उजव्या बरगडीखाली कळ उठते, पाठीत शिरते, खांद्यापर्यंत जाते, आणि धट्ट्याकट्ट्या माणसाला तास न् तास जमिनीवर लोळवते. खडा मागे सरकला की तीच कळ आपोआप ओसरते. पुढची कळ आठ दिवसांनी येईल, वर्षाने येईल, कदाचित कधीच येणार नाही.

आता विचार करा. कळ उठल्यावर माणूस आबांकडे धावतो. औषध घेतो. कळ थांबते, कारण ती थांबणारच होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसे होते. औषधात काहीच नसते, तरीही आबांची वही जवळजवळ इतकीच भरली असती. औषधात खरोखर काही असते, तरीही ती अशीच भरली असती. म्हणजे ही वही औषधाच्या बाजूने साक्ष देत नाही आणि विरुद्धही देत नाही. ती फक्त इतकेच सांगते की आबा भला माणूस आहे आणि लोक कृतघ्न नाहीत.

पण मुका खडा धोक्याचा नसतो असे मात्र नाही. एखादा खडा पिशवीतून घसरून मुख्य नळीत जाऊन बसतो. मग पित्ताची वाट बंद होते, डोळे पिवळे होतात, नळीत पू होतो, कधी शेजारचे स्वादुपिंड सुजते. वहीच्या मध्यावर एका बाईचा अंगठा आहे. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. तिची कळ थांबली आणि ती आपल्या पायांनी चालत अंगठा उठवायला आली होती. पुढच्या पावसाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. घरच्यांनी काविळीची माळ घातली, दहाबारा दिवस वाट पाहिली, आणि मग छत्रपती संभाजीनगरला नेले. ती परत आली नाही. आबा तिच्या दहाव्याला गेले होते, धाय मोकलून रडले. ते मला म्हणाले, "पित्त तर बरं झालं होतं, गुरुजी. ही कावीळ निराळी आली." ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबात ती दोन निराळी दुखणी होती, आणि वहीत तिचा अंगठा अजून गुण आल्याची साक्ष देत उभा आहे.

मी पेशाने मास्तर. रोज सकाळी हजेरी घेतो. हजेरीपटाचा नियम असा की आलेल्या मुलाचे नाव घ्यायचे, तसेच न आलेल्याचेही घ्यायचे. तो नाही हे समोर दिसत असते, तरी नाव मोठ्याने उच्चारावे लागते. मग क्षणभर वर्ग गप्प होतो आणि मागच्या बाकावरून कोणीतरी सांगते, "गुरुजी, तो ऊसतोडीला गेला." दिवाळीनंतर आमच्याकडे अशी नावे बरीच असतात. समोर बसलेल्या मुलांवरूनच जर मी शाळेचे माप काढले, तर आमच्या गावात मुलांची गळती नाहीच, असा निष्कर्ष निघेल. आबांची वही म्हणजे केवळ हजर मुलांचा हजेरीपट होता. ज्याला गुण आला नाही तो परत आला नाही, आणि जो आला नाही त्याचे नाव कोणी पुकारले नाही.

शास्त्रज्ञ ज्याला पुरावा म्हणतात तो याहून फार निराळा नसतो. आपल्याच मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात, त्याचे एक उदाहरण घडले आहे. तेथे डॉ. शरदिनी डहाणूकर होत्या. फुलाझाडांवर सुरेख मराठी लिहिणाऱ्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या आणि आयुर्वेदातली औषधे आधुनिक कसोटीला लावणे हे त्यांनी आपले काम मानले होते. त्यांच्याबरोबर डॉ. निर्मला रेगे होत्या आणि शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट होते. त्यांनी निवडली ती गुळवेल. आमच्याकडे बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली असते तीच. तोडून टांगून ठेवली तरी हवेतच मुळ्या सोडते, म्हणून तिला अमृता हे नाव.

पित्ताची नळी अडून कावीळ झालेले ३० रुग्ण त्यांनी घेतले. कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले नाही. जणू चिठ्ठ्या टाकून दोन सारखे गट पाडले. दोन्ही गटांना नेहमीचे सगळे उपचार दिले: जीवनसत्त्व के, प्रतिजैविके, आणि तुंबलेले पित्त बाहेर काढणारी नळी. एका गटाला त्याशिवाय वजनाच्या दर किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम गुळवेल दिली. मग मोजले. १९९३ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गुळवेल न घेतलेल्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुदोष पसरल्याची लक्षणे दिसली. गुळवेलीच्या गटात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातले ४० टक्के जगले, दुसऱ्यातले ९२.४ टक्के.

हे आकडे वाचून कोणालाही आनंद होईल. पण मला त्यातली दुसरीच एक गोष्ट अधिक मोलाची वाटली. यकृताचे कार्य दोन्ही गटांत सारखेच सुधारले होते. म्हणजे कावीळ उतरली ती नळीमुळे. गुळवेलीने केले ते वेगळेच. जंतूंना गिळून मारणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची गेलेली ताकद तिने परत आणली. समजा दुसरा गट नसता, आणि गुळवेल घेतलेल्यांना नुसते विचारले असते की कावीळ उतरली का, तर साऱ्यांनी हात जोडून सांगितले असते की गुळवेलीने कावीळ उतरवली. ती साक्ष मनापासून दिलेली असती आणि चुकीची असती. खरा गुण जेथे होता तेथे कोणाचे लक्षही गेले नसते. गुळवेलीचा खरा मान राखला तो तिची परीक्षा घेणाऱ्यांनी.

अर्थात ३० माणसे म्हणजे आमच्या शाळेतला एक वर्गही नव्हे. एवढ्यावरून जगाचा न्याय करू नये, हे शास्त्रही सांगते. आणि पुढे जे घडले त्याने ती सावधगिरी किती योग्य होती हे दाखवले. २०२० साली कोविडची साथ आली. गुळवेल घरोघर शिजू लागली. आमच्या गावात तर वेलींचे शेंडेही उरले नाहीत. २०२१ मध्ये मुंबईच्याच यकृततज्ज्ञांनी ६ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. रोज गुळवेल घेणाऱ्या या माणसांच्या यकृताला सूज आली होती. शरीराच्या संरक्षक पेशी आपल्याच यकृतावर उलटल्या असाव्यात, असे डॉक्टरांचे अनुमान होते. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलेली नाही, ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच जात असू शकेल, गुळवेल सुरक्षित आहे. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद मांडली. वाद अजून मिटलेला नाही. पण ज्या शहरात गुळवेलीने माणसे जगवल्याचे मोजले गेले, त्याच शहरात तिने माणसे आजारी पाडल्याचीही नोंद झाली. कडू काढा निरुपद्रवी असतो, 'गुण नाही आला तरी अवगुण तर नाही ना', असे जे आपण सहज म्हणतो, ते यापुढे इतके सहज म्हणता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, हजारो वर्षांच्या परंपरेला तुम्ही ३० माणसांच्या आणि ४३ माणसांच्या तराजूत घालता काय? मला वाटते, परंपरेला हा तराजू परका नाही. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की वनस्पतींची नावे आणि रूपे गुराखी, शेळ्यामेंढ्या राखणारे, रानात हिंडणारे जाणतात. परंतु नावरूप जाणले म्हणून उपयोग जाणला असे होत नाही. नीट न ओळखलेले औषध तेथे विषाच्या आणि शस्त्राच्या पंक्तीला बसवले आहे. इतक्या जुन्या काळी ज्यांनी एवढी धास्ती बाळगली, त्यांचे नाव घेऊन आज बेधडक औषध वाटणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

चीनची गोष्टही अशीच आहे. त्यांच्याकडे पित्ताच्या खड्यांवर एक वनस्पती पिढ्यान् पिढ्या देतात. तिच्या नावाचा अर्थच मुळी 'सोन्याच्या नाण्यांचे गवत' असा. पाने नाण्यासारखी वाटोळी. तिचे गुण गाणाऱ्या वह्या आबांच्या वहीपेक्षा जाड असतील यात मला शंका नाही. पण चिनी औषधीला जगाने मान तुकवली ती निराळ्या रीतीने. तू योयो या बाईंनी हिवतापावर औषध शोधताना जुन्या ग्रंथांतल्या आणि लोकांतल्या दोन हजारांवर पाठांची छाननी केली आणि ३८० हून अधिक अर्क काढून तपासले. त्यातला एक उतरला. चौथ्या शतकातल्या ग ह्युंग या वैद्याच्या ग्रंथात ती वनस्पती उकळायची नसून पाण्यात भिजवून पिळायची असे सांगितले होते. त्यावरून उष्णतेने गुण नासत असावा हे त्यांनी ओळखले. १९७१ मध्ये अर्क लागू पडला, आणि रुग्णांना देण्याआधी तो त्यांनी व सहकाऱ्यांनी स्वतः पिऊन पाहिला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपण त्या एका यशस्वी अर्काचे नाव लक्षात ठेवतो. पण जे शेकडो निष्फळ ठरले, त्यांचीही नोंद झाली होती, म्हणून त्या एकाच्या यशाला अर्थ आला.

एक आक्षेप मात्र मनाला खरोखर बोचतो. चिठ्ठी टाकून निम्म्यांना औषध द्यायचे आणि निम्म्यांना नाही, हे माणुसकीला धरून आहे काय? केईएममध्ये पहिल्या गटातल्या ज्या माणसांनी प्राण सोडले, त्यांच्या बायकामुलांना आपण काय सांगणार? मी यावर बराच विचार केला. गुळवेल तारते हे आधीच ठाऊक असते, तर ती न देणे पाप झाले असते. पण ते ठाऊक नव्हते. ती मारते की काय, हेही ठाऊक नव्हते. ठाऊक नसताना सर्वांना देणे हीही एक चिठ्ठीच असते, फक्त तिचा निकाल कोणी उघडून पाहत नाही. आबांनी आजवर शेकडो माणसांवर अशी चिठ्ठी टाकली आहे. परळच्या त्या रुग्णांच्या दुःखातून निदान पुढच्यांना काही कळले. आमच्या गावच्या त्या बाईच्या मरणातून कोणाला काही कळले नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

कारण तिच्या दुखण्यावर उपाय नव्हता असे नाही. पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख याने बर्लिनला १८८२ मध्ये केली. पोट न फाडता दुर्बिणीतून ती करण्याचा आपल्या देशातला पहिला मान मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ती केली. नळीत अडकलेला खडाही आता तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात. आबांच्या औषधाने तिला काही अपाय केला असे मी म्हणत नाही. पण कळ थांबताच 'बरे झाले' असा शिक्का बसला, आणि त्या शिक्क्याने पुढची वाट बंद केली. निर्दोष औषधही असे नुकसान करू शकते. दवाखाना लांब आहे, महाग आहे, तेथे कोणी नीट बोलत नाही, आबा चहा पाजतात, हे सगळे खरे आहे. आबांकडे लोक का जातात याचे ते उत्तर आहे. औषधाला गुण आहे की नाही याचे ते उत्तर नव्हे.

मी आबांना वही परत नेऊन दिली आणि म्हटले, "पहिल्या पानावर मी काही लिहीत नाही. पण दुसरी वही आखून देतो, हजेरीपटासारखी. नाव, गाव, तारीख, सोनोग्राफीत काय दिसलं, तुम्ही काय दिलं. मग महिन्यानं, सहा महिन्यांनी, वर्षानं माणूस कसा आहे. जो येणार नाही त्याच्या घरी निरोप पाठवायचा. आणि डोळे पिवळे दिसले किंवा थंडी वाजून ताप आला, की औषध न देता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात धाडायचं."

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, आणि त्यात न आलेल्यांचीच नावं जास्त निघाली तर?"

"तर तेही कळेल," मी म्हटले.

"माझ्या बापाची विद्या आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज कापरा झाला होता. या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. ज्या विद्येवर एका सज्जन माणसाने आपले सारे आयुष्य ओवाळून टाकले, ती पोकळ निघण्याची शक्यता त्याला आपल्या हाताने तपासायला सांगणे, ही लहान मागणी नव्हे. आखलेली वही त्यांनी घेतली. तीत आजवर नऊ नावे चढली आहेत आणि पहिल्या नावापुढचे सहा महिन्यांचे घर अजून भरायचे आहे.

लोक पुराव्याला कोरडी गोष्ट समजतात. करुणा वेगळी आणि मोजणी वेगळी असे मानतात. मला मात्र वाटू लागले आहे की मोजणी हीच करुणेची कठीण बाजू आहे. समोर कण्हणाऱ्याला औषध देणे ही दया, ती कोणालाही सुचते. पण जो बरा झाला नाही, परत आला नाही, ज्याच्याकडून आपल्याला धन्यवाद मिळणार नाहीत आणि ज्याची आठवणसुद्धा आपल्या कीर्तीला बाधक आहे, त्याचे काय झाले हे विचारायला जाणे, त्याचे नाव शाईने लिहून ठेवणे, यालाही दयाच लागते. आणि शिवाय धैर्य लागते. गुण आला असे म्हणण्याचा अधिकार, माझ्या मते, ज्याने ही दुसरी दया केली त्यालाच पोचतो.